दापोडीची वल्ही

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले की बोपोडी मागे पडते आणि मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडून दापोडी येते. तिथून पुढे महामार्गाच्या कडेने लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे पुणेकरांच्या तोंडी असलेल्या ‘सीएमई’चा विस्तीर्ण परिसर सुरू होतो. त्या परिसरात दोन किलोमीटरहून लांब, सरळ रेषेत आखलेले पाणी आहे. गेल्या पाव शतकात भारतीय नौकानयनाने जे कमावले, त्याचा मोठा भाग याच पाण्यावर घाम गाळून कमावलेला आहे. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले अनेक भारतीय रोइंगपटू गणवेशातले जवान होते आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी भरतीआधी वल्हे हातातही धरलेले नव्हते.

या महाविद्यालयाची स्थापना दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये झाली. त्या वेळी ते रुडकीला होते आणि ‘स्कूल ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग’ या नावाने ओळखले जाई. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये संस्था दापोडीला हलवण्यात आली आणि १९५१ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. जागेची निवड सोयीची होती. नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र एकोणिसाव्या शतकापासून नांदत होते. सॅपर म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन वाट करणारा जवान. सुरुंग काढणे, रस्ता करणे, पूल टाकणे ही त्याची कामे. ‘सर्वत्र’ हे अभियंता दलाचे ब्रीद आहे. नदी आडवी आली की साऱ्या सैन्याची नजर सॅपरकडे वळते. होड्या जोडून तराफा करणे, तरंगत्या आधारांवर पूल उभा करणे, अंधारात आवाज न करता पैलतीर गाठणे हे त्याच्या शिक्षणातच बसते. त्यामुळे अभियंता दलाचे पाण्याशी नाते खेळाच्या फार आधीचे आहे. वल्हे तिथे पहिल्यांदा आले ते कामाचे हत्यार म्हणून, हे ध्यानात घेतले की पुढची वाटचाल आपोआप उलगडते.

खेळ म्हणून नौकानयन भारतात आले ते क्लबांच्या वाटेने. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. साहेबांची संध्याकाळ, नदीकाठची हिरवळ आणि पाण्यात दोन-चार होड्या असे त्या काळचे चित्र होते. पुण्यात या खेळाला विद्यार्थ्यांमध्ये रुजवण्याचे श्रेय शहरातील (लष्करी नव्हे) अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबकडे जाते. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या क्लबची रेगाटा पाहायला पुणेकर नदीकाठी गर्दी करू लागले आणि ती परंपरा पिढ्यान् पिढ्या टिकली. तरीही देशपातळीवर हा खेळ मूठभरांचाच राहिला. भारतीय रोइंग महासंघ स्थापन झाला तोच मुळी १९७६ मध्ये. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतील नौकानयन राजधानीत होऊ शकले नाही, ते जयपूरजवळच्या रामगढ तलावावर घ्यावे लागले. पुढे त्या तलावाचेही पाणी आटत गेले.

अडचण पाण्याचीच होती. शर्यतीला २००० मीटरचे सरळ, स्थिर आणि सर्व लेनमध्ये सारख्या खोलीचे पाणी लागते. पुण्याच्या नद्या पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याने दुथडी भरून वाहतात, उन्हाळ्यात त्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, आणि शहराचे सांडपाणी तर बारमाही. वळणावळणाच्या अशा नदीत होडी चालवता येते, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेची वेळ मोजता येत नाही. सीएमईच्या आवारातील कृत्रिम जलमार्गाने ही अडचण दूर केली. रोज, ठरल्या वेळी, मोजलेल्या अंतरावर सराव करता येईल अशी जागा लष्कराला मिळाली. पुढचे सारे यश या एका सोयीवर उभे आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या खेळातील होडी पाहिल्याशिवाय त्यातले कष्ट समजत नाहीत. एकट्याने चालवायची ‘सिंगल स्कल’ आठ मीटरांच्या आसपास लांब असते आणि तिचे किमान वजन फक्त १४ किलो. रुंदी इतकी बेताची की बसलेल्या माणसाचे अंग जेमतेम मावते. दोन्ही हातांतली वल्ही पाण्यावर सपाट टेकवून ठेवली तरच ती उभी राहते. एक वल्हे सुटले की माणूस पाण्यात. पाय बुटांत घट्ट बांधलेले असतात, बूट होडीला जखडलेले असतात आणि बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते. ताकद मुख्यतः पायांतून येते, पाठीतून पुढे जाते आणि अखेरीस हातांत उतरते. हा क्रम चुकला की होडी डुलते आणि वेग मरतो. शिवाय खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे असते. जिथे जायचे ते त्याला दिसत नाही, दिसते ते मागे टाकलेले पाणी. आठ जणांच्या होडीत मात्र सुकाणू धरणारा ‘कॉक्स’ समोर पाहत बसतो आणि आठ जणांची लय एकट्याच्या आवाजावर बांधून ठेवतो. ही होडी सतरा मीटरांच्या घरात जाते, म्हणून दुसऱ्या गावी स्पर्धेला नेताना तिचे भाग सुटे करून ट्रकवर चढवावे लागतात.

नव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी घडल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कासम खान आणि इंद्रपाल सिंग यांची जोडी उतरली आणि नौकानयनात भारताने प्रथमच ऑलिंपिकचे पाणी पाहिले. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, लष्कराने ‘मिशन ऑलिंपिक्स’ हाती घेतले. त्यातून पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ज्या खेळांना खास सोयी लागतात त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रे ठरवण्यात आली. नौकानयनाचे केंद्र म्हणून सीएमईची निवड स्वाभाविक होती. पाणी तिथे होते, पाण्याची सवय असलेले दल तिथे होते आणि शिस्तीची तर वाण नव्हतीच. आर्मी रोइंग नोड या नावाने ते केंद्र आज ओळखले जाते.

नोडच्या कामाची रीत साधी, पण चिवट आहे. देशभरच्या पलटणींतून उंच, लांब हातापायांचे आणि दमदार छातीचे जवान हेरायचे. त्यांतले बरेचसे शेतकरी घरातले. राजस्थान, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश, महाराष्ट्र अशा प्रांतांतले आणि समुद्र वा मोठी नदी न पाहिलेले. काहींना पोहताही येत नसते. मग आधी पोहणे, मग एर्गोमीटर नावाच्या यंत्रावर कोरड्या जमिनीवरचे वल्हवणे आणि त्यानंतर होडी. पहाटे शेडमधून होडी काढताना सगळे एका हुकमावर वाकतात, एका हुकमावर ती खांद्यावर घेतात, एका हुकमावर पाण्यात उतरवतात. खेळाचा पहिला धडा तिथेच मिळतो. हातांच्या तळव्यांवर आधी फोड येतात, ते फुटतात, पुन्हा येतात आणि काही महिन्यांनी तिथली कातडी घट्ट होऊन बसते. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इस्माईल बेग यांच्यासारख्या द्रोणाचार्य पुरस्कारप्राप्त गुरूंनी आणि कुदरत अलींसारख्या लष्करी प्रशिक्षकांनी ही कच्ची माती घडवली. होड्या दुरुस्त करणारे, वल्ह्यांचे कोन बसवणारे, मोटारबोटीतून घड्याळ धरणारे अशा अनेकांची नावे पदकांच्या यादीत येत नाहीत. त्यांच्याशिवाय एकही होडी रेषेवर लागली नसती.

सुरुवातीचे यश बेताचे होते आणि ते तसे नोंदवायला हवे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पॉलोस पांडारी कुन्नेल एकेरीत उतरले. २००८ च्या बीजिंगमध्ये बजरंगलाल ताखर एकेरीत, तर देवेंदर खंडवाल आणि मनजीत सिंग हलक्या वजनाच्या दुहेरीत उतरले. पदकाच्या आसपास कोणीही गेले नाही. युरोपातील ज्या देशांत हा खेळ शाळेपासून खेळला जातो, त्यांच्याशी विशीत वल्हे धरलेल्या जवानांची ती लढत होती. पण आशियात चित्र पालटू लागले होते. राजस्थानातील सीकर जिल्ह्याचे आणि राजपुताना रायफल्सचे जवान असलेले ताखर यांनी २००६ मध्ये दोहाला रौप्य मिळवले आणि २०१० मध्ये ग्वांगझूला सुवर्ण. आशियाई स्पर्धांतील भारताचे नौकानयनातील ते पहिलेच सुवर्णपदक. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. वल्हे मारून पद्म सन्मान मिळू शकतो, हे साऱ्या पलटणींनी पाहिले.

महाराष्ट्राच्या वाट्याला या वाटचालीतला सर्वांत हृद्य अध्याय आला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो. तिथल्या तळेगाव रोही गावचा दत्तू बबन भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. पाण्यासाठी जमीन फोडणाऱ्या त्या मुलाचे पाण्याशी एवढेच नाते होते. २०११ मध्ये वडील गेले, घर त्याच्या खांद्यावर आले. पेट्रोल पंपावर काम करून त्याने दिवस काढले आणि २०१२ मध्ये तो लष्करात भरती होऊन खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाला. त्याची उंची कुदरत अलींच्या नजरेत भरली. पाण्याची भीती वाटत असतानाही तो होडीत बसला आणि २०१३ मध्ये दापोडीच्या नोडमध्ये आला. २०१४ मध्ये तो राष्ट्रीय विजेता ठरला, २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने एकेरीचे रौप्य पटकावले. हा प्रवास अवघ्या तीन वर्षांचा.

२०१६ चा वसंत त्याच्यासाठी कसोटीचा ठरला. दक्षिण कोरियातील चुंगजू येथील ऑलिंपिक पात्रता स्पर्धा तोंडावर असताना आईला अपघात होऊन डोक्याला गंभीर दुखापत झाली. तिची स्मृतीही हरपली. आई रुग्णालयात असताना दत्तू कोरियाला गेला, रौप्य मिळवून पात्र ठरला आणि परतला. रिओला गेलेला तो एकमेव भारतीय रोइंगपटू होता. तिथे तो एकेरीत तेरावा आला. तोवरच्या कोणाही भारतीयाहून सरस कामगिरी. ज्या आईला ही बातमी सांगायची, तिला ती उमजण्याची खात्री नव्हती. तरी गावाने ती शर्यत डोळ्यांत तेल घालून पाहिली.

२०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धांत दापोडीची खरी परीक्षा झाली. २३ ऑगस्टला भारतीय होड्या एकामागून एक अंतिम फेरीत उतरल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. दत्तू आजारी होता. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला. टीका सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या स्कल्समध्ये बसला. स्वर्ण सिंगही आजारपण आणि पाठीच्या दुखण्यातून नुकता सावरत होता. ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत त्या चौघांनी अंतर कापले आणि सुवर्ण जिंकले. त्याच सकाळी दुष्यंत चौहानने हलक्या वजनाच्या एकेरीत कांस्य मिळवले आणि शर्यत संपताच तो कोसळला; त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. रोहित कुमार आणि भगवान सिंग यांच्या दुहेरीनेही कांस्य आणले. भगवान सिंग पत्रकारितेचे शिक्षण घेत होते. ट्रकचालक वडील आजारी पडले, शिक्षण सुटले आणि ते २०१२ मध्ये लष्करात आले. चोवीस तासांपूर्वी हरलेल्या संघाने एका सकाळी तीन पदके घरी आणली, ही नोंद संस्थेच्या इतिहासात ठळक अक्षरांत करावी अशीच आहे.

अशा यशाचा मान करण्याच्या रीती निरनिराळ्या असतात. इंग्लंडमध्ये शाळा-महाविद्यालयांतून आणि लष्करी महाविद्यालयांतून खेळात चमकलेल्या छात्राला गोंड्याची मखमली टोपी देण्याचा रिवाज होता. टोपीवर वर्ष भरतकामाने उमटवले जाई आणि ती आयुष्यभर जपली जाई. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौकाशर्यतीतून ‘ब्लू’ देण्याची प्रथा आली आणि तिचे नाव आपल्या लष्करी प्रबोधिनींतही रुळले. दापोडीच्या रोइंगपटूंना असा सन्मान छात्रवयात मिळाला नाही, कारण ते जवान म्हणून आले होते. त्यांच्या वाट्याला आले ते देशाचे सन्मान. ताखर यांना २००८ मध्ये, स्वर्ण सिंगला २०१५ मध्ये आणि दत्तू भोकनळला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. चांदवडच्या विहिरीवरून अर्जुन पुरस्कारापर्यंत गेलेल्या माणसाच्या सन्मानाची उंची मखमली टोपीहून कमी नाही.

२०२० मध्ये कोविडची साथ आली आणि जगभरचे खेळ थांबले. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले. नौकानयनाच्या दृष्टीने दापोडीचे बंदिस्त आवार त्या काळात वरदान ठरले. बाहेर टाळेबंदी असताना आत शिबिर चालू ठेवता आले. तिथेच जयपूरकडचे अर्जुनलाल जाट आणि बुलंदशहरचे अरविंद सिंग यांची हलक्या वजनाची जोडी जमली. दोघांनी एकत्र वल्हवायला सुरुवात करून फार काळ लोटला नव्हता. मे २०२१ मध्ये टोकियोतील पात्रता स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवले आणि ऑलिंपिकमध्ये अकरावे स्थान. ऑलिंपिक नौकानयनातील भारताची ती सर्वोत्तम कामगिरी ठरली. अकरावा क्रमांक ऐकून कोणी भुवई उंचावेल. ज्या देशाने सिडनीत पहिल्यांदा वल्हे बुडवले होते, त्याच्यासाठी एकवीस वर्षांत गाठलेली ती मजल लहान नव्हती.

२०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांतच नौकानयनाने भारताला पाच पदके दिली, दोन रौप्य आणि तीन कांस्य. अर्जुनलाल आणि अरविंद यांनी दुहेरीत रौप्य जिंकले. आठ जणांच्या होडीने दुसरे रौप्य आणले आणि तिचे सुकाणू धनंजय उत्तम पांडे या मराठी जवानाच्या हाती होते. बाबूलाल यादव आणि लेख राम यांच्या जोडीला, प्रत्येकी एकच वल्हे असलेल्या चौघांच्या स्वीप होडीला आणि चौघांच्या स्कल्स होडीला कांस्य मिळाले. सुखमीत सिंग पाच वर्षांपूर्वीच्या सुवर्णानंतर पुन्हा एकदा चौघांत होता. एका माणसाच्या असामान्य ताकदीवर मिळालेले यश आणि पाच होड्यांनी मिळून आणलेले यश यांत फरक असतो. २०१० मध्ये देशाकडे ताखर होते. २०२३ मध्ये देशाकडे संघ होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझूलाच झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धांत या वाटचालीला वेगळेच वळण मिळाले. आंध्र प्रदेशच्या नारायण कोंगनापल्ले या जवानाने २०१५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गमावला होता. खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या आवारात लष्कराचे पॅरालिंपिक केंद्र आहे. युद्धात आणि सीमेवर जखमी झालेल्या जवानांना तिथे खेळाच्या मार्गाने पुन्हा उभे केले जाते. शॉटपुटमध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारे नागालँडचे होकाटो सेमा याच केंद्रात घडले. नारायण यांनी दापोडीच्या पाण्यावर वल्हे धरले. अनिता यांच्यासह मिश्र दुहेरीत उतरून त्यांनी हांगझूला रौप्य जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये या जोडीने आठवे स्थान मिळवले. सुरुंग शोधून वाट मोकळी करणे हे ज्या दलाचे काम, त्याच दलाच्या पाण्यावर सुरुंगाने पाय नेलेला सैनिक पदकापर्यंत गेला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताकडून बलराज पंवार एकेरीत उतरला. हरियाणातील कर्नाल जिल्ह्याचा हा जवान २०१८ मध्ये लष्करात आला, हांगझूला पदक थोडक्यात हुकून चौथा आला आणि एप्रिल २०२४ मध्ये चुंगजूच्या पात्रता स्पर्धेत कांस्य मिळवून पॅरिसला पोहोचला. तिथे त्याला तेविसावे स्थान मिळाले. चुंगजूचे पाणी दापोडीच्या वल्ह्यांना ओळखीचे झाले आहे. दत्तूही तिथूनच रिओला गेला होता.

पुढची आव्हाने समोर दिसत आहेत. हलक्या वजनाची दुहेरी, जिने अर्जुनलाल आणि अरविंद यांना टोकियोत नेले, ती पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आली आहे. आता खुल्या गटात, दोन मीटरांच्या आसपास उंचीच्या युरोपीय खेळाडूंशी सामना करावा लागेल. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून धावत होडीत चढण्याची, लाटांतून वळसा घालून परत किनाऱ्यावर धावत येण्याची नवी शर्यत येते आहे. त्यासाठी लागणारी होडी वेगळी आणि पाणीही वेगळे. कोकणच्या सात जिल्ह्यांना समुद्र लाभलेल्या महाराष्ट्राला तिथे संधी आहे. महिला रोइंगपटूंची ऑलिंपिकमधील भारतीय होडी अजून पाण्यात पडायची आहे.

दापोडीत पहाटे अजूनही शेडची दारे उघडतात. पलटणींतून निवडून आलेले नवे जवान आधी काठावर रांगेत उभे केले जातात. त्यांची उंची मोजली जाते, हातांचा पसारा मोजला जातो आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांना वेगळे काढले जाते. त्यांना घरी पाठवत नाहीत. त्यांना आधी तलावात उतरवतात.